फळ आणि अधिष्ठान

कर्मफळाचा मोह धरू नये हा उपदेश आपल्याकडे प्रायः कर्म करणाऱ्याला करण्यात येतो, करवून घेणाऱ्याला क्वचितच. आणि नोकरदार स्त्रीच्या कानी तर तो दोन्हीकडून पडतो, घरी मातृधर्म म्हणून आणि कचेरीत कर्तव्यनिष्ठा म्हणून.

फार वर्षांपूर्वी मी अव्वल कारकून असताना आमच्या टंकलेखिका बाई, बाळंतपणानंतरचा अशक्तपणा हटेना म्हणून, रजेला पंधरा दिवसांची मुदतवाढ मागणारा अर्ज घेऊन आल्या. कामावर त्यांचा जीव असा, की पाच कार्बनप्रती काढल्या तरी पाचवीवरचा अनुस्वारसुद्धा ठसठशीत उमटला पाहिजे, हा त्यांचा हट्ट. त्यांचे समाधान त्या अनुस्वारात होते, बढतीत नव्हते. साहेब गीतेचे व्यासंगी. त्यांनी तांबड्या शाईने ‘नामंजूर’ असा शेरा मारला आणि वर ऐकवले, “बाई, फळाची आशा सोडून काम करायला शिका.”

बाई क्षणभर थांबल्या. “साहेब, फळ कुठं मागतेय? खुर्चीवर बसायला अंगात त्राण हवं, एवढंच.”

त्या उत्तरात केवढा शास्त्रार्थ होता, हे मला पुढे अठरावा अध्याय सावकाशीने वाचताना उमगले. कर्मसिद्धीची जी पाच कारणे तेथे सांगितली आहेत त्यांतले पहिले अधिष्ठान, आणि त्याचा अर्थ शंकराचार्यांनी शरीर असाच लावला आहे. पगार हे फळ की काय, यावर पंडितांनी खुशाल वाद घालावा. परंतु प्रसूतीची रजा, पाळणाघर, ही कर्माची फळे नव्हेत, पूर्वसामग्री होय, आणि जे मुळी फळच नव्हे त्याच्या त्यागाचा उपदेश करणे म्हणजे वैराग्याच्या नावाखाली दुसऱ्याचे देणे बुडवणे. (देवांनी दिलेले त्यांना परत न देता एकट्याने भोगणाऱ्याला गीता चोर म्हणते, तो तिसऱ्या अध्यायातला श्लोक साहेबांच्या निरूपणात कधी आला नाही.)

हे देणे द्यायचे कोणी, हा प्रश्नही जुनाच. मुंबई इलाख्यात प्रसूतिलाभाचा कायदा १९२९ साली झाला. त्याच्या आदल्या वर्षी कौन्सिलात त्या विधेयकाची बाजू घेताना डॉ. आंबेडकरांनी असे प्रतिपादिले होते, की मातेला प्रसूतीच्या आगेमागे विश्रांती मिळण्यात राष्ट्राचेच हित असल्यामुळे खर्चाचा मोठा भार सरकारने सोसावा. पुढे १९६१ च्या कायद्याने बारा आठवडे दिले, २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांपुरते सव्वीस केले आणि पन्नास वा अधिक नोकर असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सक्ती आली. परंतु राज्य कामगार विमा योजनेबाहेर हा भार मालकाच्याच खतावणीत राहिला, आणि म्हणून नवविवाहितेला कामावर घ्यायलाच कित्येक मालक कचरतात.

बाई चौथ्या दिवशी रुजू झाल्या. दुपारच्या सुटीत त्या टाइपरायटरवर डोके टेकून पडत. पाचवी प्रत मात्र पूर्वीसारखीच स्वच्छ निघे, आणि ते आपल्या उपदेशाचे फळ आहे असे साहेब निवृत्त होईपर्यंत सांगत राहिले.