खर्र्याचा मान

आमच्या काटोलकडं पाहुणा आला की आधी पाणी, मग चहा, आणि चहाचा कप खाली ठेवायच्या आत खर्रा. नागपूरच्या बाहेरच्या वाचकाला सांगावं लागेल. पानठेलेवाला सुपारीचा चुरा, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घेतो अन् पाटीवर घासत बसतो. घासून घासून सगळं एकजीव झालं की पुडी बांधून हातात देतो. पुडी उघडली की पहिली चिमूट समोरच्याला द्यायची. एकट्यानं खाणारा माणूस चिक्कू. भावाभावांचं धुऱ्यावरून भांडण झालं अन् कोणी मध्ये पडून मिटवलं, तर ते मिटलं हे कळायचं कशावरून? एकानं खर्रा पुढं केला अन् दुसऱ्यानं घेतला, यावरून.

तर अशी ही रीत. माझा भाचा दहावीनंतर आमच्याकडंच राहायला आला. संत्र्याच्या बागेत माझ्यासोबत पाण्याच्या पाळ्या करायचा. मी त्याला ठेल्यावर पाठवायचो, “जाय बे, दोन खर्रे आण.” एक माझा, एक सालदाराचा. एका दिवशी पोट्टं दिवसभर दांड धरत होतं, चिखलानं माखलं होतं. मी म्हटलं, “तीन आण. एक तुले.” मला वाटलं, मी त्याला माणसात घेतलं. त्यालाही तसंच वाटलं असावं. चेहराच सांगत होता.

आता तो सव्वीस वर्षांचा आहे. आधी तिखट झोंबायला लागलं. सावजीचा रस्सा ज्याला पाण्यासारखा, तो पोरगा वरणात पोळी कुस्करून खाऊ लागला. मग तोंड उघडेना. नागपूरच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी त्याला स्वतःची तीन बोटं उभी करून तोंडात घालायला सांगितली. चांगल्या तोंडात तीन जातात. याची दीड गेली. बाई म्हणाल्या, आतली कातडी चामड्यासारखी कडक झाली आहे, ती पहिल्यासारखी होत नसते. पुढं कॅन्सरची भीती असते, ती वेगळी. मग त्यांनी विचारलं, “कोणाच्या संगतीनं लागलं?”

भाचा म्हणाला, “संगत नाई मॅडम. घरीच.”

त्यानं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

पोट्टं बिघडलं की आपण संगतीला शिव्या घालतो. मी आजवर पंचायतीत, लग्नात, पारावर हेच बोलत आलो. इथं संगत म्हणजे मीच. आणि मी काही त्याचं वाईट करायला निघालो नव्हतो. मी त्याला मान दिला. दिलेल्या मानातून विष गेलं तर दोष कोणाचा? मला माहीत नव्हतं, असं म्हणता येईल. पण पुडीवर नाही तरी तंबाखूच्या डब्यावर चित्र होतंच, मी ते पाहिलं होतं. रीत आहे म्हणून हात पुढं गेला. रीत काही कोर्टात उभी राहत नाही, माणूस उभा राहतो.

कायद्यानं होतं का? 2012 साली राज्यात गुटख्यावर बंदी आली. शेजारच्या वर्धा जिल्ह्यात तर गांधीजींच्या सेवाग्रामामुळं मी पोट्टा होतो तेव्हापासून दारूबंदी. गडचिरोलीत 1993 ला झाली, चंद्रपुरात 2015 ला झाली अन् 2021 ला उठली. कायदा नको असं मी म्हणत नाही. ज्या बाईचा नवरा रोज पिऊन मारतो तिला विचारा. पण गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’नं सरकारला सोबत घेऊन 2016 पासून मुक्तिपथ चालवलं, तेव्हा गावागावांत संघटना उभ्या कराव्या लागल्या. दारूसोबत खर्राही त्यांनी धरला. म्हणजे कायद्याला गाव लागतंच.

आणि आमच्या भागाला हे नवीन नाही. गाडगेबाबा कीर्तनात समोरच्यालाच प्रश्न विचारत, माणूस सगळ्यांसमोर कबूल होऊन बसे. तुकडोजी महाराजांची खंजिरी वाजली की गाव जमे. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपूरच्या दीक्षाभूमीवर बाबासाहेबांनी लाखो माणसांना ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यात एक दारू न पिण्याची होती. माझ्या एका मित्राचे वडील त्या दिवशी तिथं होते. त्या माणसानं मरेपर्यंत शिवली नाही. त्यांना पोलिसाची भीती नव्हती. आपण आता कोण झालो, हे त्यांना ठरवून दिलं गेलं होतं, अन् त्या ‘कोण’मध्ये दारू बसत नव्हती. माझ्या बापाचं मात्र वेगळं. तो सामुदायिक प्रार्थनेला रोज जायचा, विडीचं बंडल देवळाच्या पायरीखाली ठेवून. येताना काढून घ्यायचा. मी हसायचो. आता वाटतं, तेवढा वेळ तरी तो बिनविडीचा माणूस होता.

शाळेत व्यसनमुक्तीचा कार्यक्रम होतो. सडलेल्या तोंडाचं चित्र दाखवतात, पोट्टे गालात पुडी धरून पाहतात. नागपुरात तान्ह्या पोळ्याला महागाईचे, भ्रष्टाचाराचे बडगे निघतात, मारबतीसोबत जाळतात. जाळणाऱ्यांचेही गाल फुगलेले मी पाहिले आहेत. भीती घालून होत नाही, आणि दुसऱ्याचं पाप जाळूनही होत नाही. मान ज्या हातानं दिला त्याच हातानं दुसरं काही द्यावं लागेल, असं मला वाटलं.

म्हणून मागच्या वर्षी ठरवलं, माझ्या घरात अन् बागेत खर्रा द्यायचा नाही. वाटलं होतं त्यापेक्षा अवघड गेलं. व्याही आले, त्यांच्यापुढं सोप अन् खोबरं ठेवलं. ते वाटीकडं पाहत राहिले, म्हणाले, “काहून, रागावले का आमच्यावर?” तोडणीला आलेल्या दोन बाया तिसऱ्या दिवशी दुसऱ्याच्या बागेत गेल्या. त्यांना मी काय सांगणार? दिवसभर उन्हात टोपली डोक्यावर घेणारीची भूक तंबाखूनं मरते, हे मला ठाऊक आहे. तिची चिमूट बंद करायची तर दुपारच्या भाकरीचं पाहावं लागेल. मी आता तोडणीवाल्यांना दुपारी चणे-गूळ देतो. तेवढ्यानं झालं असं नाही, त्या दोघी परत आल्या नाहीत. मी स्वतः? सोडला. मध्ये दोनदा खाल्ला, एकदा तेरवीत, एकदा विनाकारण.

पोळ्याला बैलांची खांदशेकणी भाच्यानंच केली. तोंडासाठी त्याला व्यायाम सांगितला आहे, आईसक्रीमच्या काड्या एकावर एक दातांत धरायच्या. आठ जातात, मागच्या पोळ्याला पाच जायच्या. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. गल्लीतले लेकरं लाकडी बैल ओढत बोजारा मागायला दारात आले. ठेलेवाल्याचा नातूही होता. भाच्यानं सगळ्यांच्या हातावर दहा-दहाच्या नोटा ठेवल्या अन् आत येऊन पुरणपोळी चिमटीचिमटीनं खात बसला.