नदीचा गाळ व आमचें दायित्व

नीतिशास्त्राच्या ग्रंथांत अपराधाचीं जीं उदाहरणें असतात, त्यांत करणारा कोण, कृत्य कोणतें आणि पीडा कोणास झाली, या तीनही गोष्टी स्पष्ट असतात. परंतु ज्या अपराधाचें कर्तृत्व साऱ्या नगराकडे जातें, ज्याचें साधन डोळ्यांस दिसत नाहीं आणि ज्याची झळ लागणारीं माणसें अद्याप जन्मासही आलेलीं नाहींत, तो कोणत्या मापानें मोजावा? शहरांतून वाहणाऱ्या नद्यांच्या कांठची माती आज आम्हांस हा प्रश्न विचारीत आहे.

पूर हा आमच्या पूर्वजांस संकट वाटे, तसा प्रसादही वाटे. पाणी ओसरल्यावर मागें राहणाऱ्या मळईंत पीक उत्तम येतें; ‘गाळपेर’ हा शब्दच त्या उपकाराची स्मृति जपून आहे. पाणी पात्राबाहेर पसरलें कीं त्याचा वेग मंदावतो आणि त्यानें वाहून आणलेला गाळ तेथेंच बसतो. आतां या गाळाबरोबर प्लास्टिकचा चुराही बसूं लागला आहे. पांच मिलिमीटरहून लहान अशा या कणांस शास्त्रज्ञ सूक्ष्म प्लास्टिक म्हणतात. जीर्ण पिशव्यांचे तुकडे, कृत्रिम धाग्यांचे कपडे धुतांना सुटणारे तंतु, रस्त्यावर झिजणाऱ्या टायरांची धूळ, हीं त्यांचीं उगमस्थानें होत.

इंग्लंडांत मँचेस्टरच्या परिसरांतील नद्या तपासणाऱ्या संशोधकांस असें आढळलें कीं, २०१५-१६ च्या हिवाळ्यांतील पुरांनीं तळाशीं साठलेल्या कणांपैकीं सुमारें ७० टक्के कण उचलून पुढें नेले. यावरून नदी स्वच्छ झाली, असें म्हणावें काय? जें येथून गेलें, तें कोठें तरी पोंचलेंच. बर्न विद्यापीठाच्या संशोधकांनीं स्वित्झर्लंडमधील संरक्षित निसर्गक्षेत्रांतल्या २९ पूरमैदानांची माती तपासली. त्यांच्या २०१८ सालीं प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षाप्रमाणें ९० टक्के मातींत हे कण सांपडले. कणांच्या प्रमाणाचा संबंध नदीच्या पाणलोटांतील लोकवस्तीशीं होता. परंतु निर्मनुष्य उंच डोंगरही त्यांपासून सुटले नव्हते.

येथें कोणी म्हणेल, “एका सदऱ्यांतून जातें तें किती? लाखों लोकांत वांटलें असतां माझा दोष शून्यवतच.” हा युक्तिवाद सोयीचा आहे, खरा नाहीं. वडिलोपार्जित मिळकत वांटली कीं हिस्सा लहान होतो. दोषाचें तसें नाहीं. दहा जणांनीं मिळून शेजाऱ्याची विहीर बुजविली, तर प्रत्येकानें एकदशांशच विहीर बुजविली, असें कोणीही समंजस मनुष्य म्हणणार नाहीं.

दुसरी सबब अशी कीं, अपाय किती होतो हें अद्याप पुरतें ठरलेलें नाहीं. संशोधन चालू आहे, हें खरें. परंतु दुसऱ्याच्या कणगींत अनोळखी भुकटी टाकून, “अपाय सिद्ध करा,” असें त्यासच सांगणें सभ्यपणाचें नव्हे. सिद्ध करण्याचा भार टाकणाऱ्यावर असावा.

आमच्या धर्मशास्त्रानें अजाणतां घडलेल्या पापासही प्रायश्चित्त सांगितलें आहे. पण शेतभर मिसळलेला हा चुरा वेचून काढणें व्यवहारांत शक्य नाहीं. जें परत घेतां येत नाहीं, त्याविषयींचें कर्तव्य कृत्यानंतरचें नसून कृत्यापूर्वींचेंच असलें पाहिजे. महाराष्ट्रांत २०१८ पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे. कायद्यानें कारखानदार व नगरपालिका यांस याहून अधिक बांधावें, हें योग्यच. तथापि आमच्या कपाटांतील कृत्रिम वस्त्रांपर्यंत त्याचा हात पोंचत नाहीं. तेथें विवेकासच पहारा करावा लागेल.

पितृऋण फेडावयाचें तें संतति मागें ठेवून, असें शास्त्र सांगतें. संतति ठेवली आणि तिच्या पायांखालची माती आम्हीं बिघडविली, तर तें ऋण फिटलें असें कोणत्या तोंडानें म्हणावें?