रक्ताचा डाग लागलेले पाकीट



१९ मार्च १९८८. बेलफास्टमध्ये एका अंत्ययात्रेत गाडीसह शिरलेल्या दोन ब्रिटिश सैनिकांना जमावाने ओढून नेले. आयआरएने त्यांना गोळ्या घातल्या. जमाव कॅथलिकांचा होता, हे आपण लपवू नये. फादर अॅलेक रीड त्यांना वाचवायला धावले, पण त्यांनाही हुसकावण्यात आले. गोळ्या झाडल्यावर ते परतले, एकाच्या तोंडात श्वास फुंकून पाहिला, दोघांनाही अंत्याभ्यंग दिला.

त्यांच्या खिशात शिन फेन पक्षाचे एक पत्र होते. हिंसेला कट्टर विरोध असलेले नेते जॉन ह्यूम यांना ते द्यायचे होते. पाकिटाला रक्त लागले. फादरांनी पाकीट बदलले आणि पत्र पोहोचते केले. पुढे १० एप्रिल १९९८ रोजी, उत्तम शुक्रवारी, शांतता करार झाला. मध्ये दहा वर्षे गेली!

संत थॉमस अक्वायनस यांच्या मते आशा कठीण, पण शक्य गोष्टीचीच असते. सोप्या गोष्टीला आशा कशाला लागते?

मिस्सामध्ये शांतीचे चिन्ह आपण बहुधा बाकावरच्या आपल्याच माणसाला देतो. गेल्या निवडणुकीपासून ज्या घराची पायरी आपण चढलो नाही, ते घर कोणत्या आळीत आहे, हे ज्याचे त्याला ठाऊक आहे.

आपला,
प्रमुख धर्मगुरू