वचन आणि सुवचन

भिंतीवर काय लिहावे याला आपल्याकडे कायदा नाही. काय लिहू नये याला आहे, आणि तो भिंतीवरच लिहिलेला असतो. ‘येथे जाहिराती लावू नयेत’ ही सूचना वाचायची तर आधी तिच्यावर चिकटवलेल्या जाहिराती सोलाव्या लागतात. आम्हा बँकवाल्यांच्या भिंतींवर ग्राहकाची थोरवी सांगणारे एक वचन वर्षानुवर्षे लटकत आले आहे. खाली नाव महात्मा गांधींचे. काही फलकांवर तर ‘दक्षिण आफ्रिका, १८९०’ असा पत्ताही असतो. गांधीजी दक्षिण आफ्रिकेत पोहोचले १८९३ साली! तीन वर्षे आधीची तारीख घातलेले व्हाउचर कोणताही कारकून पास करणार नाही. पण भिंतीवरच्या मजकुराचे ऑडिट होत नाही. रांगेत तासभर उभा असलेला ग्राहक तो वाचून जे मनातल्या मनात म्हणतो, तेही कुठल्या खात्यात जमा होत नाही.

घरच्या भिंतींचेही तेच. एके काळी मध्यमवर्गीय घरात नव्या सुनेबरोबर मॅटीच्या कापडावर क्रॉस स्टिचने भरलेली एक तसबीर यायची. दोन मोर, मध्ये फुलांची परडी आणि खाली ‘वेलकम’, तेही इंग्रजी अक्षरांत. घरात इंग्रजी वाचणारे कुणी असो वा नसो. याचे कारण साहेबाचे प्रेम नव्हे. फुलीच्या टाक्यात सगळा कारभार चौकोनांचा. इंग्रजी मोठी अक्षरे बहुतेक काड्यांची, शिवाय नमुन्याच्या पुस्तकात तयार मिळायची. आपल्या देवनागरीत शिरोरेषा आणि काना एवढेच काय ते सरळ वागतात. वेलांटी वर उडते, उकार खाली लोंबतो, आणि ‘ळ’ला चौकोनांत बसवणे म्हणजे वळवळत्या पोराला फोटोसाठी बसवणे. तेव्हा मराठीत मनाजोगते काही भरायचे, तर नमुना आपला आपण काढावा लागतो.

डोंगरकड्याला बदली झाल्यावर हे काम माझ्याकडे आले. डोंगरकडा म्हणजे तालुका कळमनुरी, जिल्हा हिंगोली. आजूबाजूला केळीच्या बागा. नामदेव महाराजांची नरसी याच जिल्ह्यातली. शिंप्याच्या घरात जन्मलेल्या या माणसाची ६१ पदे शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात जाऊन बसली आहेत. “अशा जिल्ह्यात राहायचं आणि भिंतीवर दुसऱ्याचा नमुना लावायचा?” असे म्हणून सौ.ने ग्राफचा कागद माझ्यापुढे ठेवला. “तुम्ही काढा. जन्मभर चौकटीत आकडेच भरताय, आता अक्षरं भरा.”

वाक्य तिचे ठरलेले होते : ‘या घरातून कोणी उपाशी जात नाही.’

मी कॉमर्सचा पदवीधर. हिशेब मांडला. उंचीत मात्रा-वेलांटीला वर चार घरे, शिरोरेषेला एक, अक्षराला सात, उकाराला खाली तीन, एकूण पंधरा. रुंदीत अक्षरे चौदा, प्रत्येकी नऊ घरे. शब्दांमधली अंतरे पाच, प्रत्येकी चार. बेरीज १४६ घरे. इंचाला चौदा घरांचे कापड घेतले, तर साधारण साडेदहा इंच. सहा पदरी दोऱ्यातले दोन पदर सुईत घ्यायचे, कापडाची चौघडी घालून मध्य काढायचा आणि मधूनच सुरुवात करायची. प्रत्येक फुलीचा वरचा टाका एकाच बाजूला झुकला पाहिजे. एक उलटा पडला तरी उजेडात तो वेगळा चमकतो.

बोलताना शब्द फुकट असतात, म्हणून आपण सढळ हाताने वापरतो. एकेका अक्षराला संध्याकाळ मोजायची वेळ आली, की हे वाक्य खरे आहे का, असा प्रश्न पडतो. मी तो विचारला. “गेल्या आठवड्यात मीटरवाला आला होता. तो काय खाऊन गेला?”

“चहा दिला ना!”

“मग ‘आधी पाणी घ्या’ एवढंच भर. पाच अक्षरं, त्रेपन्न घरं, पावणेचार इंच. शिवाय शंभर टक्के खरं.”

माझ्या बाजूला मी थेट लंडनचा साक्षीदार उभा केला. तिथल्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये १८३० च्या सुमाराचे एक कापड आहे. एलिझाबेथ पार्कर नावाच्या मोलकरणीने त्यावर लाल दोऱ्याने, फुलीच्या टाक्यात, आपली सगळी कहाणी भरली आहे. मालकाच्या घरी झालेला छळ, मरणाचे विचार, सगळे. फूल नाही, पान नाही, वेलबुट्टी नाही. मजकूर तुटतो तोही वाक्याच्या मध्येच. भिंतीवर लावायला कुणी मागणार नाही असे ते कापड, पण प्रत्येक टाका खरा. “भरायचं तर असं भरावं,” मी म्हणालो.

सौ. थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “बिचारीनं झालेलं लिहिलं. मला व्हायला हवं ते लिहायचंय. आणि तुमच्या नोटेवर तरी काय लिहिलेलं असतं हो?”

हा टोला वर्मी होता. नोटेवर रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर धारकाला तेवढे रुपये देण्याचे वचन देतात. मुंबईला जाऊन ते मागायला कुणी बसत नाही, तरी त्या वचनावर बाजार चालतो. एक रुपयाच्या नोटेवर मात्र वचन नसते. ती सरकारची. ‘आधी पाणी घ्या’ हे माझे वाक्य त्या एक रुपयाच्या नोटेसारखे होते. कशालाच न बांधलेले.

वाक्य पूर्ण १४६ घरांचेच भरले गेले. तसबीर लागून महिना झाला नाही, तोच रविवारी दुपारी तीनला, भांडी घासून झाल्यावर, पत्ता विचारायला एक ट्रकड्रायव्हर आला. मागे क्लीनर. पाणी पिता पिता त्याने तसबीर मोठ्याने वाचली आणि विचारले, “ताई, हे खरं हाय का नुसतंच लावलंय?”

अख्ख्या नीतिशास्त्राचा प्रश्न त्याने दारात उभ्याने विचारला. सौ. म्हणाली, “हात धुऊन या.” भाकऱ्या झाल्या, पिठलं झालं. पीठ संपले. रात्री आम्ही दोघे दूधपोह्यांवर निजलो. याने वाक्याला बाध येत नाही. वाक्यात ‘जात नाही’ असे आहे. जे घरातून कुठे जातच नाहीत, त्यांच्याविषयी ते काही बोलत नाही.

तेव्हापासून मला वाटू लागले आहे, की सुवचन लावण्याआधी माणूस तसा असलाच पाहिजे, असे काही नाही. तसे असते तर देशातल्या बहुतेक भिंती कोऱ्या राहिल्या असत्या. मात्र आले कुणी वटवायला, तर खिडकी बंद करता कामा नये. सुवचन हे शेवटी वचनच. ‘सु’ आपण चौकटीच्या शोभेसाठी लावतो. विकतच्या नमुन्यात वचन दुसऱ्याचे असते, म्हणून ते भिंतीवर सुखाने राहते. स्वतः घरे मोजून काढलेले मात्र घरात हिंडते, स्वयंपाकघरात डोकावते. म्हणून वाचकहो, नमुना जरूर स्वतःचा काढा. फक्त कागदावरची घरे मोजून झाली, की एकदा पिठाचा डबाही उघडून बघा.