‘भिऊ नको’ म्हणजे नेमके काय?



30 जून 2024 हा सामान्य काळातील तेरावा रविवार होता. त्या दिवशीच्या मिस्सामध्ये संत मार्कच्या शुभवर्तमानातील याईराची कथा वाचली गेली. याईराची बारा वर्षांची मुलगी मरणाच्या दारात आहे. तो येशूला घेऊन घराकडे निघतो, तोच वाटेत निरोप येतो की मुलगी गेली, आता गुरुजींना कशाला त्रास देता? येशू त्या बापाला सांगतो की भिऊ नको, फक्त विश्वास धर. पुढे तो मुलीचा हात धरतो आणि ती उठून चालू लागते.

त्याच रविवारी दुपारी आपल्या लोणावळ्यात, भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात, पुण्याहून वर्षासहलीला आलेल्या एका कुटुंबातील पाच जण लोंढ्यात वाहून गेले. एक स्त्री आणि चार मुले. पाणी अचानक वाढले, तेव्हा एकमेकांना घट्ट धरून ते खडकावर उभे होते. ते दृश्य नंतर साऱ्या देशाने पाहिले. सकाळच्या शुभवर्तमानातील मुलगी उठली, दुपारची मुले उठली नाहीत. पुढच्या वर्षी, 15 जून 2025 रोजी, पवित्र त्रैक्याच्या रविवारी, तळेगावजवळ कुंडमळा येथे इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल कोसळला आणि चार जणांचा जीव गेला.

अशा वेळी श्रद्धावंताच्या मनातही प्रश्न येतोच. ‘भिऊ नको’ असे प्रभू सांगतो, पण न भिण्यासारखे काय आहे? विश्वास धरणारा वाचतो आणि न धरणारा बुडतो, असा काही हिशोब आहे का?

असा हिशोब मांडणाऱ्यांना येशूने स्वतःच उत्तर दिले आहे. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे मेली होती. ती माणसे यरुशलेममधल्या इतरांपेक्षा जास्त पापी होती असे तुम्हाला वाटते का, असे त्याने विचारले आणि स्वतःच नाही म्हणून सांगितले. दुसऱ्याच्या घरातले प्रेत पाहून त्याच्या पापाचा शोध घेण्याचा अधिकार त्याने आपल्याकडून काढून घेतला आणि आपापल्या पश्चात्तापाकडे बोट दाखवले.

मग विश्वास कशासाठी? आपल्यापैकी पुष्कळांना विश्वास हा विम्यासारखा वाटतो. जपमाळ केली, नोव्हेना केली, मेणबत्ती लावली, म्हणजे हप्ता भरला; आता घरावर संकट येता कामा नये. आणि संकट आले की आपण देवावर रुसतो. परंतु येशूने शिष्यांना असे वचन कधीच दिले नाही. सरोवरातल्या वादळात तो नावेत होता, तरी वादळ आलेच. गेथशेमाने बागेत तर तो स्वतः व्याकूळ झाला. हा प्याला माझ्यापासून दूर कर, अशी त्याने पित्याला विनवणी केली. प्याला दूर झाला नाही. देवाच्या पुत्राचीच ती विनवणी मान्य झाली नाही, तर आपली प्रत्येक विनवणी मान्य होणे हा विश्वासाचा पुरावा कसा असेल?

येथे आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. येशूला भीती वाटली. म्हणून भीती वाटणे हे पाप नाही, अविश्वासही नाही. हृदय धडधडणे आपल्या हाती नसते. भीती वाटत असताना पुढचे पाऊल कोठे टाकायचे, हे मात्र आपल्या हाती असते. बागेतले शिष्य घाबरून पळाले. येशूही घाबरला होता, पण तो पित्याशी बोलत राहिला आणि जागेवरून हलला नाही.

आपल्या मराठी मुलखात याचे मोठे उदाहरण आहे. वसईचे संत गोन्सालो गार्सिया आधी व्यापारी होते, नंतर फ्रान्सिस्कन बंधू झाले. जपानमध्ये त्यांना पकडून कान कापण्यात आला, भर थंडीत क्योतोहून नागासाकीपर्यंत चालवत नेण्यात आले आणि 5 फेब्रुवारी 1597 रोजी आणखी पंचवीस जणांसह क्रुसावर भाल्यांनी मारण्यात आले. त्यांच्यात लहान मुलेही होती. 1862 साली पोप नववे पायस यांनी या सर्वांना संतपद दिले.

ही कथा आपण अभिमानाने सांगतो. तिच्या पुढचा भाग फारसा सांगितला जात नाही. 1614 नंतर जपानभर ख्रिस्ती धर्मावर बंदी आली. ख्रिस्ती असल्याचा संशय असेल, तर येशूच्या किंवा मरियेच्या चित्रावर पाय ठेवायला लावत. अनेकांनी जीव देण्याचे धैर्य दाखवले. अनेकांनी ते दाखवले नाही. त्यांनी पाय ठेवला, घरी आले आणि रडून पश्चात्तापाची प्रार्थना म्हटली. याच घाबरलेल्या माणसांनी दोनशेहून अधिक वर्षे, एकही धर्मगुरू नसताना, मुलांना बाप्तिस्मा दिला, प्रार्थना पाठ करून घेतल्या, सण मोजले. 17 मार्च 1865 रोजी नागासाकीच्या नव्या चर्चमध्ये उराकामी गावचे काही शेतकरी आले आणि त्यांनी फ्रेंच धर्मगुरू पेतीजाँ यांना हळूच सांगितले की आमचे आणि तुमचे हृदय एकच आहे. मग त्यांनी पवित्र मरियेची मूर्ती कोठे आहे असे विचारले.

गोन्सालो यांच्यासारखे धैर्य ही देवाची देणगी आहे, ती आपण मागावी. पण ज्याच्यापाशी ते नव्हते, त्यालाही देवाने टाकून दिले नाही. पडल्यावर पुन्हा उठणे, हाही विश्वासाचाच एक प्रकार आहे. पेत्राने कोंबडा आरवण्याआधी तीनदा नाकारले, आणि त्याच्याच हाती कळप सोपवला गेला.

आज आपल्यालाही भीती वाटते. 2008 साली ओडिशातील कंधमालमध्ये हजारो ख्रिस्ती माणसे घरे सोडून जंगलात पळाली, हे आपण विसरलेलो नाही. 2020 साली टाळेबंदीत आपल्याकडच्या चर्चची दारे बंद झाली, ती 16 नोव्हेंबरला उघडली. त्या काळात, 27 मार्चच्या संध्याकाळी, दिवंगत पोप फ्रान्सिस पावसात रिकाम्या चौकात उभे राहून याच वादळाच्या शुभवर्तमानावर बोलले. या वादळात आपण सगळे एकाच नावेत आहोत, हा त्यांचा मुद्दा होता.

भीती माणसाला एकटे पाडते. ती म्हणते, दार लाव, गप्प बस, आपल्यापुरते पाहा, आणि दोष द्यायला कोणीतरी शोध. विश्वास याच्या उलट करायला सांगतो. भुशी धरणावर त्या दिवशी शिवदुर्ग मित्रचे तरुण पाण्यात उतरले, आयएनएस शिवाजीचे पाणबुडे आले. वाहून गेलेल्यांचा धर्म कोणता, हे कोणी विचारले नाही. त्यांनाही पाण्याची भीती ठाऊक होती, आपल्यापेक्षा जास्तच. म्हणून तर ते दोर बांधून उतरले. दोर बांधणे हा अविश्वास नव्हे. मंदिराच्या शिखरावरून उडी टाक असे सैतान म्हणाला, तेव्हा येशूने देवाची परीक्षा पाहायला नकार दिला. पावसाळ्यात धोक्याची पाटी ओलांडून जाणे, ताप अंगावर काढणे, याला श्रद्धा म्हणू नये.

ज्यांची मुले परत आली नाहीत, त्यांच्यासमोर उभे राहून सोपे उत्तर देऊ नये. याईराच्या घरी येशूने आधी गलका करणाऱ्यांना बाहेर काढले. मग आईबापांना बरोबर घेऊन तो मुलीजवळ गेला. तिला उठवणे त्याच्या हाती होते. आपल्या हाती शेजारी जाऊन बसणे आहे. शेवटच्या दिवशी तो प्रत्येक मुलाचा हात धरील, ही आपली आशा आहे. तोवर आपल्या वस्तीत ज्या घरी आजार आहे, काम सुटले आहे, मृत्यू झाला आहे, त्या घरी या आठवड्यात एकदा जाऊन या. बोलायला शब्द नसतील, तर आपण मिळून ‘हे आमच्या स्वर्गीय पित्या’ म्हणू. घाबरलेल्या माणसालाही तेवढे म्हणता येते.