मूळ घर कुणाचं?

घराचं काम काढायचं ठरलं, तेव्हा माझ्या फोनमध्ये ‘घर’ नावाचा एक फोल्डर होता. त्यात तीनशेच्या वर फोटो होते. तिरक्या पायांच्या लाकडी खुर्च्या, मोझॅकच्या फरशा, सिमेंटच्या जाळीतून पडणारं ऊन, समुद्री हिरव्या रंगाची दारं. इन्स्टाग्रामवर तुम्हीही हे बघितलं असेल. ‘मिड-सेंचुरी मॉडर्न’ म्हणतात त्याला. कारा ग्रीनबर्ग या लेखिकेच्या १९८४ सालच्या पुस्तकाचं हे नाव, आणि ते पुस्तक १९५० च्या दशकातल्या फर्निचरवर होतं. म्हणजे ज्यांनी ती घरं बांधली त्यांना आपण ‘मिड-सेंचुरी’ आहोत याचा पत्ताच नव्हता.

आमचं घर १९५८ चं. पुण्यात एरंडवण्यात, सोसायटीच्या प्लॉटवर आजोबांनी बांधलेलं. पुढे अर्धगोल व्हरांडा, आत हॉल, दोन खोल्या, स्वयंपाकघर, कोठी, वर गच्ची. आजूबाजूचे चार बंगले गेल्या काही वर्षांत पडले आणि तिथे इमारती उभ्या राहिल्या. आम्हालाही फोन येतात. आई ‘नाही’ म्हणते आणि फोन ठेवते. तिच्या त्या ‘नाही’चा मला अभिमान होता. माझी योजना सोपी होती. घर पाडायचं नाही, उलट त्याला पुन्हा मूळ रूपात आणायचं. मधल्या काळात त्यावर जे काही थापलं गेलंय ते काढून टाकायचं आणि आतलं १९५८ चं घर मोकळं करायचं.

माझी एक मैत्रीण आर्किटेक्ट आहे. तिला बोलावलं. मी फोल्डर उघडायच्या आत ती म्हणाली, “फोटो नंतर. आधी घर काय म्हणतंय ते बघू.” दोन तास ती फक्त फिरली. भिंतींवर टकटक केली, मोरीच्या कोपऱ्यात बसून ओल कुठून येते ते पाहिलं, माळ्यावर चढली. मग तिने जो क्रम सांगितला तो जुनं घर हाती घेणाऱ्या कुणालाही उपयोगी पडेल. आधी पाणी, म्हणजे गच्ची आणि पाइपांची गळती. मग सांगाडा. मग वायरिंग आणि नळ. रंग, फरशी, खुर्च्या सगळ्यात शेवटी. आपण सगळे नेमकं उलटीकडून सुरू करतो, कारण फोटो शेवटच्या गोष्टींचे असतात.

आमच्या घरात खांब नाहीत. विटांच्या चौदा इंची भिंतींवर स्लॅब टेकलेला आहे. त्या काळी सिमेंटचा भाव आणि वाटप सरकारच्या ताब्यात होतं, म्हणून जिथे विटेवर भागेल तिथे विटेवर भागवायचे. याचा अर्थ हॉल आणि स्वयंपाकघर यांच्यामधली भिंत मला हवी तशी उडवता येणार नाही. ती भिंत घर धरून उभी आहे. स्लॅबचंही तसंच. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे वर्षानुवर्षं काँक्रीटचा अल्कधर्मी गुण कमी होत जातो, मग आतल्या सळीला गंज चढतो, गंजलेली सळी फुगते आणि खालचं काँक्रीट ढकलून पाडते. कोठीच्या छताला तसे पोपडे धरले होते. मी त्यांना इतकी वर्षं ‘जुन्या घराचा लुक’ समजत होते.

हे सगळं मी मुकाट ऐकलं. वाद झाला तो स्वयंपाकघरात.

आमच्या स्वयंपाकघरात ओट्यामागे निळ्या फुलांच्या पांढऱ्या टाइल्स आहेत. चकचकीत, जरा भडक, १९८८ च्या. मला त्या लहानपणापासून आवडत नाहीत. मी मैत्रिणीला म्हणाले, “या पहिल्या जातील. इथे मूळ जे होतं ते परत आणायचं.”

आई दारात उभी होती. म्हणाली, “मूळ म्हणजे कधीचं गं?”

“अठ्ठावन्नचं.”

“अठ्ठावन्नला इथे ओटाच नव्हता. तुझी आजी खाली बसून शेगडीवर करायची. खिडकी तिथे वर होती,” तिने तिच्या कपाळाच्या उंचीवर हात धरला. “उजेड यायचा, पण बाहेरचं काही दिसायचं नाही. मी लग्न होऊन आले चौऱ्याऐंशीला. चार वर्षं शाळा सांभाळून मी या धुरकट खोलीत उकिडवी बसून पोळ्या केल्या. मग वेतन आयोगाचा फरक मिळाला. त्या पैशांतून कडप्प्याचा ओटा केला, खिडकी खाली घेतली, टाइल्स लावल्या. तुझ्या आजोबांना आवडलं नव्हतं. घराचा नकाशा बिघडला म्हणाले होते.”

मी गप्प बसले. चाळीस वर्षांनी, अगदी वेगळ्या भाषेत, मी आजोबांचंच वाक्य म्हणत होते.

‘मूळ’ हा शब्द मला तोवर अगदी निरागस वाटायचा. मूळ रंग, मूळ फरशी, मूळ घर. पण कोणत्याही घराचं ‘मूळ’ म्हणजे ज्या दिवशी ते बांधून झालं तो दिवस, आणि त्या दिवशी ते घर कुणाच्या मनासारखं होतं? ज्याने नकाशावर सही केली त्याच्या. ज्या बाईला त्यात पुढची तीस वर्षं रांधायचं होतं, तिला कुणी विचारलं नव्हतं. तिने हळूहळू, स्वतःच्या पैशांनी, एकेक खिडकी खाली घेत घर आपलं केलं. आणि मी निघाले होते तेवढाच भाग ‘थापलेला’ म्हणून खरवडून काढायला.

गंमत म्हणजे जुन्या वास्तूंची काळजी घेणाऱ्या जाणकारांनी हे फार आधी ओळखलं होतं. १९६४ साली व्हेनिसमध्ये एक सनद तयार झाली. ऐतिहासिक वास्तूंचं जतन कसं करावं याची तत्त्वं तिच्यात आहेत. त्यातलं एक तत्त्व असं, की वास्तूत वेगवेगळ्या काळांनी घातलेली अर्थपूर्ण भर जपावी. सगळी वास्तू एकाच काळातली दिसावी हा जतनाचा हेतू नव्हे. ते लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर चर्च आणि राजवाडे असणार. निळ्या फुलांच्या टाइल्स नक्कीच नसणार. पण तत्त्व आईच्या बाजूचं आहे.

आता दुसरी गोष्ट. ही सांगायला मला जड जातंय.

माझ्या फोल्डरमधल्या फोटोंपैकी एक आमच्याच घराचा होता. मागच्या बोळात उघडणारं एक अरुंद दार. लाकडी झडपांचं, समुद्री हिरव्या रंगाचं, रंग उडालेलं. मी तो पोस्टही केला होता. खूप हृदयं आली होती. हे दार संडासाला आहे. म्हणजे आमच्या संडासाला दोन दारं आहेत. एक घरातून, एक बाहेरून. मैत्रिणीने विचारलं, “काकू, हे दुसरं दार कशाला?”

आई म्हणाली, “साफ करायला माणूस यायचा ना. तो घरातून येऊ नये म्हणून.”

आमच्याकडे टोपलीचा संडास कधीच नव्हता. पहिल्यापासून सेप्टिक टँक, वर साखळी ओढायची टाकी. त्या काळच्या मानाने अगदी आधुनिक. तरीही झाडू घेऊन येणाऱ्या माणसाने स्वयंपाकघरावरून जाऊ नये, देवघराकडे त्याची सावली पडू नये, यासाठी चौदा इंची भिंतीत एक वेगळं दार ठेवलं गेलं. अस्पृश्यता नष्ट करणारी राज्यघटना लागू होऊन तेव्हा आठ वर्षं झाली होती. आजोबा वर्तमानपत्र वाचणारे, सुधारकी विचारांचे, सोवळंओवळं न पाळणारे गृहस्थ होते. ते वाईट नव्हते. त्यांनी बहुधा त्या दाराचा विचारच केला नव्हता. नकाशात तसं दार असायचंच, म्हणून होतं. शहरातल्या कितीतरी जुन्या बंगल्यांना आणि इमारतींना मागच्या बाजूने असं दार किंवा लोखंडी गोल जिना असतो. आपण त्याचे फोटो काढतो.

मी लगेच म्हणाले, “हे दार बुजवून टाकू.” मला लाज वाटली होती आणि लाज मला विटांनी झाकायची होती.

पुढच्या आठवड्यात स्लॅब तपासायला दोघं कामगार आले. दिवसभर डोक्यावर हात करून गिलावा ठोकत होते, अंगभर धूळ. दुपारी त्यातल्या एकाने विचारलं, “ताई, बाथरूम कुठंय?” आणि माझ्या तोंडून क्षणाचाही विचार न होता निघालं, “मागून जा ना, बोळातून दार आहे.”

मी त्याची जात विचारली नव्हती. मनात आली नव्हती. माझ्या मनात असलीच तर फरशी होती, नुकतीच पुसलेली. पण आजोबांच्या मनात तरी दुसरं काय असणार होतं? त्यांनाही कुणी विचारलं असतं तर ते स्वच्छतेचंच कारण देते.

आई आतून म्हणाली, “दादा, इकडून या. घरातून जवळ आहे.” तो चपला काढून, अंग चोरून, भिंतीला हात न लावता आतून गेला. आई मला काहीच बोलली नाही.

त्या रात्री मी विचार करत बसले. दार बुजवून काय होणार होतं? दार भिंतीत होतं तसं माझ्यातही होतं, आणि भिंतीतलं बुजवलं की माझ्यातलं शोधायचं कारणच संपलं असतं. जुनी घरं पाडून उभ्या राहिलेल्या इमारतींकडे बघा. त्यांत मागचं दार नसतं. त्याऐवजी कामाला येणाऱ्यांसाठी वेगळी लिफ्ट असते. नकाशा नवा, सवय तीच.

इथे कुणी म्हणेल, की प्रत्येक खुंटीवर जर असा कुणाचा तरी अपमान टांगलेला असेल तर पाडाच ना एकदाचं. हा प्रश्न मला खोटा वाटत नाही. पण पाडल्याने अपमान जात नाही, फक्त त्याचा पुरावा जातो. शिवाय घरात तेवढंच नसतं. आईची खिडकी आहे. मोझॅकच्या फरशा आहेत, संगमरवराची खडी सिमेंटमध्ये घालून, घासून-घासून कुणीतरी गुळगुळीत केलेल्या. त्या कारागिरांची नावं आम्हाला माहीत नाहीत, पण साठ-पासष्ट वर्षं आम्ही त्यांच्या कामावर अनवाणी चालतोय. एकदा भाजलेली वीट आणि एकदा वापरलेलं सिमेंट यांचा धूर हवेत जाऊन बसलेला आहे. तो परत येत नाही. उभं घर मोडून तेवढंच पुन्हा भाजायचं, यालाही काही सबळ कारण लागतं.

आणि दुसऱ्या बाजूने, जसंच्या तसं ठेवणं हेही निष्पाप नाही. चंडीगडच्या सरकारी कचेऱ्यांतल्या, पिएर जॉनरेच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खुर्च्या एकेकाळी भंगार म्हणून ढिगाने पडल्या होत्या. आज त्या परदेशातल्या लिलावांत लाखोंना जातात. वस्तू तीच, पण तिच्यावर बसून फायली लिहिणारे कारकून त्या फोटोत कुठेच नाहीत. माणसं वजा केली की कोणतीही जुनी गोष्ट सुंदर दिसायला लागते. माझा फोल्डर असाच भरला होता.

तुमच्यापैकी बरेच जण भाड्याच्या खोलीत राहत असतील आणि म्हणतील, आमच्याकडे बंगला कुठेय? पण घर नसलं तरी नकाशे आपल्याकडे असतात. पाहुण्यांचा कप आणि कामवाल्या मावशींचा कप वेगळा असतो. पार्सल घेऊन आलेल्याला पाणी विचारलं जातं किंवा जात नाही. फ्लॅटमेट्समध्ये भांडी नेहमी एकच जण घासतो. हे नकाशे आपण काढलेले नसतात. आपण फक्त त्यांत राहायला आलेलो असतो. म्हणूनच बदल करण्याआधी ते वाचावे लागतात.

आता आमचा आराखडा तयार आहे. काम दिवाळीनंतर सुरू होईल. आधी गच्ची, मग कोठीचा स्लॅब, मग सगळं वायरिंग नवं, अर्थिंगसकट. मधली भिंत राहील. हॉलमधल्या फुटलेल्या फरशांच्या जागी कपाटाखालच्या चांगल्या फरशा काढून बसवायच्या आणि कपाटाखाली साधी फरशी घालायची. ओटा आईच्या गुडघ्यांना आणि कमरेला सोसेल असा नवा होईल, पण खिडकीखालच्या निळ्या फुलांच्या टाइल्सच्या तीन रांगा तशाच राहतील. मला त्या अजूनही सुंदर वाटत नाहीत. पण घरातली प्रत्येक गोष्ट मला सुंदर वाटलीच पाहिजे, हा हट्ट मी सोडलाय.

मागच्या दारावर सगळ्यात जास्त वेळ गेला. मैत्रीण म्हणाली खिडकी करू, मी म्हणाले काच लावू. शेवटी आईने ठरवलं. दार राहील, पण त्याची कडी आतून कायमची लागेल. बोळातून कुणी येणार नाही. काम करणारे, मावशी, पाहुणे, आम्ही, सगळे घरातल्या एकाच दाराने जातील. काम सुरू होईल त्या दिवसापासून, धूळ असली तरी. कुणी विचारलं, की हे बंद दार कशाला ठेवलंय, तर खरं काय ते सांगायचं.

“आणि तो फोटो काढून टाक फोनवरून,” आई म्हणाली. मग थोडं थांबून म्हणाली, “नाहीतर राहू दे. पण खाली लिही, ते दार कशाचं आहे ते.”