सोसणं आणि तप

बाईच्या सोसण्याला आपल्याकडे फार लवकर तपाचं नाव मिळतं. पाळी जाऊन आठ वर्षं झाली तरी जिच्या अंगातून रात्री वाफा निघतात, तिलाही आपण तेच सांगतो, "सहन कर, तेवढंच कर्म कटतंय." माझं वय ५८. हार्मोनची औषधं घ्यावीत का, हा प्रश्न यंदा माझ्यासमोर आला, तेव्हा औषधाआधी मला हे वाक्यच तपासून बघावं लागलं.

छत्रीबागेत होळकरांच्या छत्र्यांकडे संध्याकाळी फिरायला येणाऱ्या आम्ही पाच-सहा जणी. "वहिनी, दोन-चार वर्षांत जातं हो आपोआप," असं त्या म्हणतात. पुष्कळजणींचं जातंही. पण अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीचे आकडे २०१५ साली आले. त्यात निम्म्या बायकांना हा त्रास सात वर्षांहून जास्त पुरल्याचं दिसलं. म्हणजे माझं शरीर काही जगावेगळं वागत नव्हतं.

त्रास सांगायला लहान वाटतो. इंदूरच्या डिसेंबरात रजई फेकून उठायचं, ओला गाऊन बदलायचा. सूर्यास्तानंतर पाणी न घेण्याचा नियम, त्यामुळे कोरड्या घशानंच पहाटेची वाट बघायची. मग सामायिकाला बसलं की त्या ४८ मिनिटांत डोळे मिटतात ते झोपेनं. दिवसभर सुनेवर, कामवालीवर उगाच आवाज चढतो. गेली काही वर्षं माझी रात्र अशी जाते.

आता शास्त्राकडे येऊ. बावीस परीषहांत उष्णही आहे आणि रोगही आहे. बाह्य तपांत कायक्लेश आहे. म्हणून सोसण्याला आपल्या धर्मात मान आहे, यात शंका नाही. पण तिथं अट आहे समतेची. परीषह सहन करायचा तो मार्गावरून ढळू नये म्हणून. त्याच तत्त्वार्थसूत्रात आर्तध्यानाचे चार प्रकार सांगितलेत आणि त्यातला एक आहे वेदनेचा. दुखणं कधी जाईल, कधी जाईल, याच विचारात मन घोटाळत राहणं. रात्री तीन वाजता पंख्याकडे बघत मी जे करते ते आर्तध्यानच आहे, त्याला तप कसं म्हणू? उपवास मी ठरवून घेते, पच्चक्खाण करते, पारण्याचा दिवस मला माहीत असतो. हे मी घेतलेलं नाही. अंगावर आलेलं दुखणं शांत मनानं झेलता आलं तर त्याचं तप होईल. माझ्याकडून तसं होत नाही, एवढं मला दिसतं.

मग औषध घ्यायचं, तर ते कशाचं आहे? आपण बायका बिस्किटाचा पुडासुद्धा उलटून वाचतो, तर हे का नाही वाचायचं? या उपचाराचं एक जुनं औषध १९४२ पासून अमेरिकेत विकलं जातं. ते गाभण घोड्यांच्या मुतापासून काढतात. मूत धरण्यासाठी घोड्या महिनोन् महिने जखडून ठेवतात, आणि त्यांची शिंगरं नको झाली की त्यातली कित्येक कत्तलीला जात आली. ते माझ्यासाठी तिथंच संपलं. दुसरी वाट वनस्पतीची. १९४० च्या दशकात रसेल मार्कर या रसायनशास्त्रज्ञानं मेक्सिकोतल्या एका रानटी कंदापासून प्रोजेस्टेरॉन बनवलं. आता सोयाबीनपासूनही ही द्रव्यं करतात. कंद ऐकून मला हसूच आलं, जे ताटात वर्ज्य तेच औषधाच्या मुळाशी! पण घोडीची कैद आणि वनस्पतीचं द्रव्य यांत फरक आहे, आणि श्रावकाला तो करायलाच शिकवलंय. त्रस जीवाची जाणूनबुजून हिंसा टाळायची, आणि एकेंद्रियाच्या बाबतीत गरजेपुरतंच घ्यायचं. राहिली जिलेटिनची कॅप्सूल. डॉक्टरीणबाईंना विचारलं, तर त्याच कामाची साधी गोळी मिळते म्हणाल्या. विचारायला लाजू नये, बायांनो.

भीती उरते कर्करोगाची. ती २००२ सालच्या अमेरिकन अभ्यासातून घरोघरी पोचली. सोळा हजारांवर बायकांचा तो प्रयोग मधेच थांबवला होता. दहा हजार बायकांमागे वर्षाला स्तनाचा कर्करोग औषध न घेणाऱ्यांत ३० जणींना, घेणाऱ्यांत ३८ जणींना. गाठींचा, पक्षाघाताचा धोकाही वाढलेला, हाडं मोडणं मात्र कमी. हे खरंच आहे. पण त्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं, आणि औषध तेच घोडीचं, एका कृत्रिम हार्मोनसोबत. आपला स्याद्वाद हेच तर सांगतो, की कोणत्या अपेक्षेनं बोलतोय ते आधी ठरवा. आज डॉक्टर साठीच्या आत किंवा पाळी गेल्यापासून दहा वर्षांच्या आत सुरू करणं बरं मानतात, आणि त्वचेवर लावायच्या जेलनं गाठींचा धोका गोळीपेक्षा कमी दिसतो. धोका शून्य कुणीच म्हणत नाही.

माझ्या जाऊबाईंना स्तनाचा कर्करोग होऊन गेलाय. त्यांना ही वाट बंद. हार्मोन नसलेली औषधं आहेत, ती त्या घेतात. उरलेलं सोसतात, आणि खरोखर शांतपणे सोसतात. तेच दुखणं त्यांच्याजवळ तप होतं आणि माझ्याजवळ चिडचिड. म्हणून एकीचं उत्तर दुसरीच्या गळ्यात बांधू नये.

एक गोष्ट कुणी उघड बोलत नाही. औषधाच्या पहिल्या काही महिन्यांत पुन्हा डाग दिसू शकतात. पाळी गेल्यावर महिन्यातून चार दिवस देवळाबाहेर राहणं संपलं, रोजची अष्टद्रव्य पूजा अखंड झाली, याचं मला किती सुख आहे! ते सुख काही महिने सोडावं लागलं तर? खूप विचार केला. पूजा चुकली तरी णमोकार मनात चालतो. पण रोज चढणारा क्रोध, तो तर पूजेला बसलेल्या बाईलाही सोडत नाही. तेव्हा काय सोडायचं ते मला कळलं. मात्र डॉक्टरीणबाईंनी बजावलंय, की डाग लांबले किंवा मागाहून पुन्हा दिसले तर लपवायचं नाही, तपासून घ्यायचं.

आचार्य समंतभद्रांनी यम आणि नियम वेगळे सांगितलेत. यम जन्मभराचा, नियम मुदतीचा. मी हे औषध नियमासारखं घेतेय. मॅमोग्राफी झाली, रक्तदाब पाहिला, घरात कुणाला गाठी झाल्या होत्या का ते सांगितलं. मुदत एक वर्षाची. मग पुन्हा तपासणी, पुन्हा विचार. वर्षानंतर मी फक्त एवढंच बघणार आहे, की सामायिकातली ४८ मिनिटं मी जागी असते का, आणि सून माझ्याशी बोलताना आधी माझ्या चेहऱ्याकडे बघते का.